पियानोवर कॉर्डची चिन्हं वाचायची कशी

लीड शीटवर सुरावटीची एकच ओळ लिहिलेली असते आणि तिच्या डोक्यावर अक्षरं नि आकडे. डाव्या हाताने काय वाजवायचं, सुरावटीखाली उजव्या हाताने काय भरायचं, याबद्दल त्या कागदावर काहीच नसतं. कॉर्डचं चिन्ह फक्त एवढंच सांगतं, की इथून पुढचं चिन्ह येईपर्यंत अमुक स्वर एकत्र वाजतील आणि त्यांच्या तळाशी अमुक स्वर असेल. ते स्वर कुठल्या सप्तकात, कुठल्या क्रमाने, कुठल्या हाताने वाजवायचे, हे वाजवणाऱ्याने ठरवायचं असतं. म्हणजे इथे दोन वेगळी कामं आहेत: चिन्हातून स्वर काढणं, आणि निघालेले स्वर हाताला जवळ पडतील असे मांडणं. पहिलं काम पाठांतराने बऱ्यापैकी उरकतं. दुसरं मात्र बहुतेक जण शिकतच नाहीत. त्यामुळे चिन्हं तोंडपाठ असूनही हात प्रत्येक कॉर्डला उडी मारत राहतो आणि गाणं अडखळतं.

छापील कागदावर ही चिन्हं इंग्रजी मोठ्या अक्षरांत असतात. इथे ती सी, डी, ई अशी लिहिली आहेत. अक्षराला चिकटून येणारा लहान एम म्हणजे मायनर, तो इथे शब्दातच लिहिला आहे. ♯ म्हणजे शार्प, उजवीकडची लगतची पट्टी. ♭ म्हणजे फ्लॅट, डावीकडची लगतची पट्टी.

चिन्ह फोडताना

कुठलंही चिन्ह डावीकडून उजवीकडे वाचत चार प्रश्न विचारायचे. मूळ स्वर कोणता? त्याला एक धरून मोजलं तर तिसरा स्वर कोणता? सातवा आहे का, आणि असला तर कुठला? यापुढे काही वाढवलंय, बदललंय किंवा तळाचा स्वर वेगळा सांगितलाय का? हा क्रम मोडायचा नाही. लांबलचक चिन्ह पाहून घाबरायला होतं ते नजर आधी शेवटच्या कंसावर जाते म्हणून.

मूळ स्वर म्हणजे पहिलं अक्षर, आणि त्याला लगेच चिकटलेलं ♯ किंवा ♭ त्या अक्षराचंच. ई♭९ मध्ये ♭ हे ईचं आहे, नऊचं नाही. मूळ स्वर ई असून नववा उतरवायचा असेल, तर नीट लिहिणारा ई७(♭९) असं लिहितो. गाण्याच्या सुरुवातीला असलेल्या शार्प-फ्लॅटच्या खुणा चिन्हांना लागू होत नाहीत, हेही पक्कं लक्षात ठेवा. एफ मेजरमधल्या गाण्यात सुरुवातीला बी♭ ची खूण असते, पण सुरावटीवर नुसतं बी लिहिलं असेल तर ती बी नॅचरलचीच, म्हणजे फ्लॅट न लावलेल्या बी ची, कॉर्ड. नोटेशन वाचायची सवय असलेल्यांचा हात इथे हमखास चुकतो, कारण डोळा आपोआप फ्लॅट लावून टाकतो. जर्मन पद्धतीच्या कागदांवर आणखी एक गोष्ट दिसेल: तिथे एच हे अक्षर म्हणजे आपला बी, आणि तिथला बी म्हणजे आपला बी♭.

तिसऱ्या स्वरासाठी सरगम फार कामाला येते. मूळ स्वराला सा धरा. अक्षरापुढे काहीच लिहिलेलं नसेल तर कॉर्ड मेजर, म्हणजे सा–ग–प. लहान एम किंवा आडवी रेघ असेल तर मायनर, म्हणजे सा–कोमल ग–प. ‘डिम’ किंवा ° असेल तर सा–कोमल ग–तीव्र म. ‘ऑग’ किंवा + असेल तर सा–ग–कोमल ध. पट्ट्या मोजायच्या झाल्या, तर काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून मेजरमध्ये आधी ४ आणि मग ३ पट्ट्या पुढे जायचं, मायनरमध्ये ३ आणि ४, डिमिनिश्डमध्ये ३ आणि ३, ऑगमेंटेडमध्ये ४ आणि ४. ज्या पट्टीवर उभे आहात ती मोजायची नाही, पुढच्या पट्टीला एक म्हणायचं. सुरुवातीला मोजणी चुकते ती याच कारणाने, आणि शिवाय ई–एफ व बी–सी यांच्यामध्ये काळी पट्टी नाही हे विसरल्यामुळे.

हा सा कॉर्डचा आहे, गाण्याचा नाही. चिन्ह बदललं की सा बदलला. कंठसंगीत किंवा हार्मोनियमवरून पियानोकडे आलेल्यांना नेमकं हेच जड जातं. गाणं सी मध्ये चालू आहे आणि वर एफ मायनर आलं, तर त्या कॉर्डपुरता एफ हाच सा आणि त्याचा कोमल ग म्हणजे ए♭. गाण्याच्या सा पासून तो स्वर काय लागतो, याचा विचार त्या वेळी बाजूला ठेवायचा.

सस या चिन्हात तिसरा स्वर नसतोच. सस४ म्हणजे सा–म–प, सस२ म्हणजे सा–रे–प, आणि आकडा न देता नुसतं सस लिहिलं असेल तर ४ समजायचं. अक्षरापुढे एकटा ५ असेल तर सा आणि प, बाकी काही नाही. तिथे सवयीने ग घालू नका. लिहिणाऱ्याने तो मुद्दाम मोकळा ठेवलेला असतो.

सातचा आकडा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू या. चिन्हातले आकडे मूळ स्वराच्या मेजर स्केलवरून, म्हणजे शुद्ध स्वरांवरून, मोजलेले असतात. ६ म्हणजे शुद्ध ध, ९ म्हणजे वरच्या सप्तकातला शुद्ध रे, ११ म्हणजे वरचा शुद्ध म, १३ म्हणजे वरचा शुद्ध ध. अपवाद एकच, तो म्हणजे ७. नुसत्या ७ चा अर्थ कोमल नी. शुद्ध नी हवा असेल तर ते मुद्दाम सांगावं लागतं: ‘मेज७’, मोठा एम आणि ७, किंवा छोटा त्रिकोण Δ.

यातून एक गोष्ट नीट कळते: चिन्हातला ‘मेजर’ हा शब्द सातव्या स्वराबद्दल असतो आणि ‘मायनर’ हा शब्द तिसऱ्या स्वराबद्दल. एवढं ध्यानात आलं की सी मायनर मेजर ७ हे नाव विचित्र वाटत नाही. तिसरा कोमल, सातवा शुद्ध: सी–ई♭–जी–बी. चारही प्रकार एका मूळ स्वरावर लागोपाठ वाजवून ऐका. सी मेजर ७ म्हणजे सी–ई–जी–बी. सी७ म्हणजे सी–ई–जी–बी♭. सी मायनर ७ म्हणजे सी–ई♭–जी–बी♭. आणि वर सांगितलेली चौथी. मेजर ७ च्या जागी साधा ७ वाजला, तर विसावलेली कॉर्ड अचानक पुढच्या कॉर्डकडे खेचू लागते. ऐकणाऱ्याला चूक सांगता येत नाही, पण गाण्याचा शेवट उघडा राहिल्यासारखा वाटतो.

सातवा स्वर शोधायला खालून १० किंवा ११ पट्ट्या मोजू नका. वरच्या सप्तकातल्या मूळ स्वरावर बोट ठेवा आणि खाली या. एक पट्टी खाली शुद्ध नी, दोन पट्ट्या खाली कोमल नी. तीन पट्ट्या खाली आलात की डिमिनिश्ड ७ चा सातवा मिळतो. सी°७ म्हणजे सी–ई♭–जी♭–ए, सगळे स्वर सारख्याच अंतरावर. सप्तकाचे असे चार समान भाग होत असल्याने डिमिनिश्ड ७ कॉर्ड स्वरांच्या हिशेबाने तीनच आहेत, बाकीच्या त्यांचीच उलटापालट. त्या तीन हातात बसवल्या की बाराही बसल्या. हाफ डिमिनिश्ड वेगळी: मायनर ७ ची कॉर्ड, फक्त प च्या जागी तीव्र म. ती ‘मायनर ७ ♭५’ अशी लिहितात किंवा ø या खुणेने दाखवतात. घाईने लिहिलेल्या कागदावर ø मधली तिरपी रेघ पुसट झाली तर ती ° सारखी दिसते. अशा वेळी सुरावटीत सातवा स्वर कोणता लागतोय ते पाहा.

९, ११, १३ हे आकडे एकटे आले तर कोमल नी गृहीत धरायचा. सी९ म्हणजे सी७ आणि वर डी. सी मेजर ९ म्हणजे सी मेजर ७ आणि वर डी. सातवा नको असेल तर ‘अ‍ॅड९’ लिहितात: सी–ई–जी आणि डी, बस्स. पॉप गाण्यांच्या कागदांवर सी२ असं दिसलं तर बहुतेक वेळा हेच अपेक्षित असतं. ११ चं गणित जरा नाजूक आहे. सी११ मधला एफ आणि खालचा ई यांच्यात एक सप्तक आणि वर एक पट्टी इतकं अंतर पडतं, आणि ते कानाला टोचतं. म्हणून ११ वाजवताना तिसरा स्वर बहुतेक सगळे गाळतात. उरतं ते सी९ सस४ च. मेजर कॉर्डवर म्हणूनच साध्या ११ ऐवजी ♯११, म्हणजे तीव्र म, लिहिलेला जास्त दिसतो. मायनरमध्ये ही अडचण नाही. तिथे कोमल ग आणि वरचा म छान नांदतात.

६ बद्दल शास्त्रीय पियानो शिकलेल्यांसाठी एक सूचना. जुन्या फिगर्ड बासमध्ये, म्हणजे तळाच्या ओळीला आकडे जोडून कॉर्ड सांगण्याच्या पद्धतीत, आकडे तळाच्या स्वरापासून मोजत, आणि तिथे ६ म्हणजे पहिलं इन्व्हर्जन, म्हणजे कॉर्डचा तिसरा स्वर तळाशी. कॉर्डच्या चिन्हात ६ म्हणजे मूळ स्वरापासूनचा ध, कॉर्डमध्ये वाढवलेला. सी६ म्हणजे सी–ई–जी–ए. हेच स्वर ए मायनर ७ चे. फरक तळाशी सी आहे की ए, एवढ्यानेच पडतो.

अक्षरांची साखळी

स्वर पटकन सांगता यावेत म्हणून एक छोटं पाठांतर सांगतो, ते फार उपयोगी आहे: ए–सी–ई–जी–बी–डी–एफ–ए. एक सोडून एक अक्षर. सस, अ‍ॅड आणि ६ सारखे अपवाद सोडले, तर प्रत्येक कॉर्ड या साखळीतले लागोपाठचे दुवे घेऊन बनते. ई♭७ विचारलं तर आधी अक्षरं काढा: ई–जी–बी–डी. मग शार्प-फ्लॅट लावा: ई♭–जी–बी♭–डी♭. याने ए♯ म्हणावं की बी♭ हा गोंधळ आपोआप सुटतो. वाजवताना पट्टी तीच, हे खरं, पण इतर वादकांशी बोलताना आणि लिहिताना नाव बरोबर असणं महत्त्वाचं.

हाताला मात्र अक्षरांपेक्षा आकार लवकर समजतो. बारा मेजर कॉर्ड मूळ स्वर तळाशी ठेवून काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या रचनेवरून लावून पाहा. सी, एफ, जी तिन्ही पट्ट्या पांढऱ्या. डी, ए, ई मध्ये मधली काळी. डी♭, ई♭, ए♭ मध्ये मधली पांढरी, कडेच्या काळ्या. एफ♯ पूर्ण काळी. राहिल्या दोन: बी पांढरी–काळी–काळी, आणि बी♭ काळी–पांढरी–पांढरी. मायनर करायची तर मधलं बोट एक पट्टी खाली, बाकी हात तसाच. सा–प ची जोडीही नजरेने ओळखता येते: दोन्ही पट्ट्या एकाच रंगाच्या असतात, अपवाद फक्त बी–एफ♯ आणि बी♭–एफ. प चुकीचा लागतो तो जवळजवळ नेहमी याच दोन ठिकाणी.

चार स्वरांची कॉर्ड, तीन बोटांत

सातव्या स्वराच्या कॉर्ड स्वतंत्रपणे पाठ करायची गरज नाही. मूळ स्वर डाव्या हातात द्या. उजव्या हातात जे तीन स्वर उरतात ती ओळखीचीच एक कॉर्ड असते. मेजर ७ असेल तर उजव्या हातात तिसऱ्या स्वरावरची मायनर: सी मेजर ७ साठी डावीकडे सी, उजवीकडे ई मायनर. मायनर ७ असेल तर कोमल ग वरची मेजर: डी मायनर ७ साठी डावीकडे डी, उजवीकडे एफ मेजर. साधा ७ असेल तर तिसऱ्यावरची डिमिनिश्ड: जी७ साठी जी आणि बी–डी–एफ. मायनर ७ ♭५ असेल तर कोमल ग वरची मायनर: बी मायनर ७ ♭५ साठी बी आणि डी मायनर. या चार जोड्या बाराही मूळ स्वरांवर हातात आल्या, की लीड शीटवरची बहुसंख्य चिन्हं वाचता येतात. माझ्या मते शिकवणीत हे फार उशिरा येतं. साध्या तीन स्वरांच्या कॉर्ड पक्क्या झाल्यावर लगेच हेच शिकवायला हवं.

आता दुसरं काम: स्वर जवळ ठेवणं. उजव्या हातातली कॉर्ड मूळ स्वर तळाशी ठेवूनच वाजवायची, असा काही नियम नाही. डाव्या हाताने मूळ स्वर दिला आहे, म्हणजे चिन्हाची मागणी पूर्ण झाली. उजव्या हाताने आधीच्या कॉर्डमधले सामाईक स्वर धरून ठेवायचे आणि बाकीचे जवळच्या पट्टीवर सरकवायचे. सी, ए मायनर, एफ, जी हा नेहमीचा क्रम घ्या. सी–ई–जी पासून सुरू करा. ए मायनरसाठी फक्त जी चा ए करा: सी–ई–ए. एफ साठी फक्त ई चा एफ: सी–एफ–ए. जी साठी तिन्ही बोटं थोडी खाली: बी–डी–जी. हात एकाच ठिकाणी राहिला, आणि सगळ्यात वरच्या स्वरांची जी, ए, ए, जी अशी गाण्यासारखी ओळ तयार झाली. हेच चार कॉर्ड मूळ स्वर तळाशी ठेवून वाजवलेत तर हात चारही वेळा उचलावा लागतो आणि वरची ओळ तुटक ऐकू येते.

जरा भरीव उदाहरण पाहू. क्रम असा: एफ मेजर ७, मग एका मात्राखंडात (दोन उभ्या रेघांमधल्या भागात) ई मायनर ७ ♭५ आणि ए७(♭९), मग डी मायनर ७, मग जी७ सस४ आणि जी७, शेवटी सी६. कागदावर हे भीतीदायक दिसतं. उजवा हात मध्य सी च्या (पियानोच्या साधारण मधोमध असलेल्या सी च्या) आसपास ठेवा आणि एफ मेजर ७ साठी मध्य सी खालचा ए, मध्य सी आणि ई घ्या. डाव्या हातात एफ. पुढच्या कॉर्डला डावीकडे ई, उजवीकडे जी–बी♭–डी, म्हणजे तिन्ही बोटं एकेक स्वर खाली. ए७(♭९) साठी डावीकडे ए, आणि उजवीकडे फक्त डी चा सी♯ करा: जी–बी♭–सी♯. यात सातवा आहे, ♭९ आहे, तिसरा आहे. पाचवा ई गाळला आहे आणि तो कुणालाही आठवणार नाही. डी मायनर ७ साठी उजवीकडे एफ–ए–सी, पुन्हा सगळे किंचित खाली. जी७ सस४ साठी ए चा जी करा: एफ–जी–सी. जी७ साठी सी चा बी: एफ–जी–बी. आणि सी६ साठी ई–जी–ए. सात चिन्हं झाली, आणि उजवा हात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका सप्तकाच्या आतच राहिला. हे उदाहरण आधी अगदी सावकाश, प्रत्येक कॉर्डवर थांबून वाजवा, आणि कुठलं बोट हललं ते तोंडाने म्हणा.

काय गाळायचं, काय गाळायचं नाही

दहा बोटं असली तरी १३ च्या कॉर्डचे सगळे स्वर वाजवायचे नसतात. आधी प गाळा. तो कॉर्डची जात ठरवत नाही. मात्र चिन्हात ♭५ किंवा ♯५ लिहिलं असेल तर तो पाचवा ठेवलाच पाहिजे, कारण त्याच्यामुळेच ते चिन्ह वेगळं आहे. सोबत बास गिटार किंवा डबल बास असेल तर मूळ स्वरही सोडता येतो. तिसरा आणि सातवा मात्र सोडू नका, कॉर्ड मेजर की मायनर, थांबलेली की पुढे खेचणारी, हे तेच दोघे सांगतात. सी१३ साठी डाव्या हातात सी आणि बी♭, उजव्या हातात ई आणि ए, एवढे चार स्वर पुरतात.

डी मायनर ७, जी७, सी मेजर ७ हा क्रम फक्त तिसऱ्या-सातव्या स्वरांवर वाजवून पाहा. डावीकडे डी, जी, सी. उजवीकडे आधी एफ–सी, मग एफ–बी, मग ई–बी. दर वेळी एकच बोट एक पट्टी खाली उतरतं. हा सराव बाराही ठिकाणांहून केला, तर चिन्हं वाचण्याचा वेग जेवढा वाढतो तेवढा दुसऱ्या कुठल्याच सरावाने वाढत नाही, असं माझं ठाम मत आहे.

तळाच्या भागात कॉर्ड दाटीने वाजवू नका. मध्य सी च्या एक सप्तक खाली जो सी आहे, त्याच्याही खाली सा–ग–प जवळजवळ वाजवले तर नुसता गडगडाट ऐकू येतो. खालच्या तारांचे ओव्हरटोन (मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर) कानाला ऐकू येतील इतके ठळक असतात, आणि ते एकमेकांच्या फार जवळ पडून घासतात. तिथे एकटा मूळ स्वर, सप्तकाची जोडी किंवा सा–प एवढंच ठेवा. ग वरच्या भागात न्या.

सुरावट स्वतः वाजवत असाल, तर कॉर्डचे स्वर सुरावटीच्या खाली ठेवा, नाहीतर कान चुकीच्या स्वराला सुरावट समजतो. मेजर ७ च्या कॉर्डवर सुरावटीत मूळ स्वर लांबला असेल तर खालचा शुद्ध नी त्याला लागून खटकतो. तिथे मेजर ७ ऐवजी ६ वाजवा. लिहिलेल्या चिन्हात इतका बदल करण्याची मुभा वाजवणाऱ्याला असतेच.

तिरपी रेघ आणि बाकी खुणा

सी/ई मध्ये रेघेच्या डावीकडे कॉर्ड, उजवीकडे तळाचा स्वर. डाव्या हाताने ई, उजव्या हाताने सी मेजर. मेजर कॉर्डचा तिसरा स्वर तळाशी आला की उजव्या हातात तो पुन्हा भरायची गरज नसते. दोनदा आला की कॉर्ड जड होते. सी–जी असं मोकळं ठेवून पाहा. ही चिन्हं बहुधा तळाची सरळ उतरती ओळ साधायला वापरतात: सी, जी/बी, ए मायनर, ए मायनर/जी, एफ. इथे तळाचे स्वर सी–बी–ए–जी–एफ असे पायऱ्यांनी उतरतात. रेघेकडे दुर्लक्ष करून मूळ स्वरच वाजवला, तर गाण्याचा कणाच मोडतो. कधी तळाचा स्वर कॉर्डमध्ये नसतोच: सी/डी म्हणजे खाली डी, वर सी मेजर, ऐकायला डी९ सस४ सारखं. सी६/९ मधली रेघ मात्र तळाचा स्वर दाखवत नाही. तिच्यापुढे अक्षर नाही, आकडा आहे. तिथे फक्त सहावा आणि नववा दोन्ही हवेत एवढंच.

७ पुढे ‘ऑल्ट’ लिहिलं असेल तर पाचवा आणि नववा दोन्ही बदललेले चालतात, ♭ की ♯ ते तुम्ही ठरवा. सी७ ऑल्ट साठी सी–बी♭ खाली आणि ई–ए♭–ई♭ वर ठेवलं की काम भागतं. मात्राखंडात % सारखी खूण म्हणजे आधीचा मात्राखंड पुन्हा. चार मात्रांच्या खंडात दोन चिन्हं मध्ये समान जागा सोडून लिहिली असतील तर प्रत्येकी दोन मात्रा. खंड रिकामा असेल तर आधीची कॉर्ड चालू. ‘एन सी’ म्हणजे तिथे कॉर्ड वाजवायचीच नाही.

सरावाबद्दल

मेट्रोनोम ६० वर ठेवा, दर चार ठोक्यांना एक चिन्ह. कॉर्ड पहिल्या ठोक्यावर वाजवा, आणि तिसऱ्या ठोक्यावर नजर पुढच्या चिन्हावर गेलीच पाहिजे. वाचणं अडतं ते स्वर माहीत नसल्यामुळे कमी, आणि डोळा वाजत असलेल्या चिन्हावर रेंगाळल्यामुळे जास्त. चुकलात तर थांबून दुरुस्त करू नका. पुढची कॉर्ड वेळेवर पकडा. मूळ स्वरांचा क्रम सी, एफ, बी♭, ई♭, ए♭, डी♭, जी♭, बी, ई, ए, डी, जी असा घ्या. गाण्यांत मूळ स्वर याच उड्यांनी जास्त फिरतात, त्यामुळे सराव थेट उपयोगी पडतो.

पेडल कॉर्डसोबत दाबू नका. नवी कॉर्ड वाजते त्याच क्षणी पेडल सोडा आणि लगेच पुन्हा दाबा. बोटं पट्ट्यांवर असतानाच हे झालं तर मध्ये खंड पडत नाही आणि आधीची कॉर्ड नव्यात मिसळतही नाही.

इंटरनेटवरून घेतलेले कागद बरेचदा गिटारसाठी असतात. वर कॅपो २ (कॅपो म्हणजे गिटारच्या सगळ्या तारा एका पडद्यावर दाबून धरणारा चिमटा) लिहिलं असेल तर प्रत्येक अक्षर दोन पट्ट्या वर न्यावं लागतं: जी च्या जागी ए, सी च्या जागी डी, ई मायनरच्या जागी एफ♯ मायनर. कॅपो ३ असेल तर तीन पट्ट्या. तिरप्या रेघेनंतरचं अक्षरही तेवढंच वर जातं, हे विसरू नका. आकडे, मायनर, सस हे काही बदलत नाही. बी♭ ट्रम्पेट किंवा टेनर सॅक्सोफोनसाठी लिहिलेला कागद हाती आला तर उलट करायचं: प्रत्येक अक्षर दोन पट्ट्या खाली. आल्टो सॅक्सोफोनचा कागद असेल तर तीन पट्ट्या वर. इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण असतं आणि घाईच्या वेळी ते वापरायला हरकत नाही. पण कागदावर पेन्सिलीने नवी अक्षरं स्वतः लिहून काढलीत, तर त्यात वरच्या सगळ्या गोष्टींची उजळणी होते आणि दुसऱ्या पियानोवर बसल्यावर अडत नाही.